ताई, ती पांढरी कांडी

ताई, तू गेल्यापासून मी काच वितळवायची टॉर्च पेटवलेली नाही. आज सव्विसावा दिवस. ज्योतीला ऑक्सिजन देणारं मशीन चादरीखाली झाकलेलं आहे, सिलिंडरचा कॉक बंद आहे आणि टेबलावर तुझा कामाचा जांभळ्या काचांचा चष्मा तू ठेवलास तसाच उलटा पडला आहे. लोक सांगतात, कामात मन गुंतव. आता काम काय मी एकटीनं सुरू केलं होतं? आपल्या कामाला चार हात लागतात हे त्यांना कसं कळावं, आणि मला ते समजावून सांगायचा कंटाळा आला आहे. मी हो हो म्हणते आणि चहा ठेवते.

खरं सांगायचं तर मी दमले आहे. रडून दमले असं नाही, रडणं फारसं आलंच नाही. एक गोष्ट दोन वर्षं पोटात धरून बसले होते, तिनं दमवलं. ती तुला सांगायची होती. आज सांगेन, उद्या सांगेन, अमुक ऑर्डर संपली की सांगेन, असं करत राहिले आणि तू दुपारी जेवून आडवी झालीस ती चारच्या चहाला उठलीच नाहीस. आता हे कागदावर लिहिते आहे. तू वाचणार नाहीस हे मला कळतं, तरी लिहिते आहे.

तुला आठवतं, आपण पहिल्यांदा कुठं भेटलो? आमची मिरजेहून इकडं बदली होऊन दोन महिने झाले होते. रेल्वेतल्या मराठी मंडळींचा कसलासा कार्यक्रम होता. मी कोपऱ्यात बसले होते, कारण कुणाला ओळखत नव्हते आणि हिंदी बोलायची लाज वाटत होती. तू शेजारी येऊन बसलीस. गळ्यात निळ्या मण्यांची माळ होती, प्रत्येक मण्यात पांढरं पाच पाकळ्यांचं फूल. मी म्हटलं, छान रंगवलीत हो फुलं. तू माळ काढलीस आणि माझ्या हातात दिलीस. "रंगवलेलं नाही बाई. घासून पाहा. आतपर्यंत आरपार आहे ते." मी खरंच नखानं घासून पाहिलं आणि तू हसलीस. नागपूर सोडून तुला तीस वर्षं झाली होती, पण तुझी बोली तू अजिबात सोडली नव्हतीस. मला तुझं निम्मं बोलणं तेव्हा कळलं नाही, पण मराठी ऐकून इतकं बरं वाटलं की दुसऱ्याच दिवशी मी प्रताप नगरला तुझ्या दारात हजर झाले.

त्या दिवशी तू मला कांडी म्हणजे काय ते शिकवलंस. अळूवडीचा उंडा कापला की प्रत्येक चकतीत तेच वेटोळं दिसतं, तसंच हे, असं म्हणालीस. मध्ये पिवळ्या काचेचा जाड दांडा, त्याच्याभोवती पांढऱ्या पाच पट्ट्या, पट्ट्यांच्या फटींत निळी काच आणि सगळ्याच्या वर पारदर्शक थर. ज्योतीत फिरवत फिरवत त्याचा लिंबाएवढा गोळा होतो, मधासारखा हलायला लागतो. मग त्याच्या दुसऱ्या टोकाला एक साधी कांडी चिकटवायची, गोळा ज्योतीतून बाहेर घ्यायचा, दोन श्वास थांबायचं आणि ओढायचं. लिंबाची हातभर, दोन हात, चार हात लांब पेन्सिलीसारखी कांडी होते आणि आतलं फूल बारीक होत जातं, पण मोडत नाही. कांडीच्या चकत्या कापायच्या. त्या गरम मण्यावर चिकटवा, नाहीतर काचेच्या बशीवर मांडून भट्टीत घाला, फूल जिथं ठेवाल तिथं उमलतं. टोंक रोडवरच्या एका कारखान्यात तू हे शिकली होतीस, आणि तिथं बायकांना नुसतं मणी धुवायला बसवतात म्हणून काम सोडून घरी भट्टी आणली होतीस.

ओढायला मात्र दोघी लागतात. तू स्टुलावर बसून एक टोक धरायचीस आणि मी दुसरं टोक चिमट्यात धरून मागं मागं चालायचे. खोलीतून व्हरांड्यात, व्हरांड्यातून फाटकापर्यंत. "चाल. चाल. हळू चाल व, काचेले कळते तू घाईत आहे. थांब. आता धरून ठेव." मग कांडी कडक होईपर्यंत आपण दोघी दोन टोकांना पुतळ्यासारख्या उभ्या. नाक खाजलं तरी हलायचं नाही. समोरच्या भाभींनी महिनाभर हा प्रकार बघितला आणि शेवटी येऊन विचारलं, "आप लोग रोज क्या नापती हो जी? बाउंड्री का झगड़ा है क्या?" तू गंभीर चेहऱ्यानं सांगितलंस, "हां भाभीजी, आपकी तरफ दो फुट निकल रहा है." बिचाऱ्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तू नंतर त्यांना निळ्या मण्यांची कानातली दिलीस तेव्हा मिटलं.

आपली भांडणं काही कमी नव्हती. मी म्हणायचे, ताई, किती दिवस तेच पाच पाकळ्यांचं फूल, मला पान करायचंय, मोराचं पीस करायचंय. तू म्हणायचीस, आधी फूल सरळ येऊ दे. मी म्हणायचे, हे रिटायर झाले की आम्ही मिरजेला जाणार. तू म्हणायचीस, "जाय. तिकडं कांडीचं दुसरं टोक कोन धरन?" हे भांडण कधी संपलं नाही. आता मला मिरजेला जायला कुणी अडवणारं नाही, आणि आता जावंसंही वाटत नाही. यांनी परवा बदलीच्या अर्जाचं विचारलं तर मी विषय बदलला.

तुझा एक नियम होता. दुकानातून नवीन साध्या कांड्यांचा जुडगा आला की तो आधी जुन्या काचेबरोबर जुळवून बघायचा. दोन्ही काचा शेजारी शेजारी वितळवायच्या आणि त्यांची केसासारखी बारीक तार ओढायची. तार सरळ राहिली तर त्या काचा एकत्र नांदतील. वाकली तर समजायचं की एक काच थंड होताना जास्त आखडते आणि एक कमी, आणि त्या कधीतरी एकमेकींना फोडणार. आज नाही फोडणार, आठ दिवसांनी फोडतील. दिसायला दोन्ही सारख्याच पांढऱ्या. म्हणून तू काचा वेगवेगळ्या पाइपांच्या तुकड्यांत ठेवायचीस आणि प्रत्येकावर चिकटपट्टी लावून लिहायचीस. मला तो सगळा सोपस्कार वाटायचा.

ताई, आता ते सांगते.

सिविल लाइंसमधल्या मॅडमच्या मुलीचं लग्न होतं. पाहुण्या बायकांना द्यायच्या माळा आपल्याकडं आल्या होत्या. इतकं मोठं काम आपल्याला पहिल्यांदाच मिळालं होतं. तू गाऊन आनंद साजरा केलास आणि भाऊजींनी कानांवर हात ठेवले. मध्येच पांढरी काच संपली. मी शहरात जाऊन दुसऱ्या दुकानातून जुडगा आणला. बाहेर ऊन होतं, दोन बस बदलून आले होते, घरी जाऊन पोरीचा डबा करायचा होता. तू गोळा लावायला बसलीस आणि माझ्याकडं न बघता विचारलंस, "तार ओढून पाह्यली?"

मी म्हटलं, हो.

पाहिली नव्हती, ताई. पाच मिनिटांचं काम होतं. मला कंटाळा आला होता, बाकी काही कारण नव्हतं. तू मान हलवलीस आणि ती पांढरी काच उचललीस. माझ्या हो वर तू दुसरा प्रश्न कधी विचारला नव्हतास, त्या दिवशीही नाही विचारलास.

कांडी सुंदर आली. आपण आजवर ओढलेली सगळ्यात सुंदर. मणी भट्टीतून निघाले तेव्हा तू एक मणी उन्हात धरून बघितलास आणि म्हणालीस, आता मेली तरी चालन. माळा ओवल्या, डब्यांत भरल्या, पोचवल्या. अकराव्या दिवशी मॅडमचा फोन आला. डब्या बंद असतानाच आत टिक टिक आवाज येत होता म्हणे. उघडल्या तर मणी चिरलेले. लग्न चार दिवसांवर होतं.

तू मला बरोबर येऊ दिलं नाहीस. एकटी रिक्षानं गेलीस. त्या बंगल्याच्या व्हरांड्यात उभी राहून तू काय बोललीस ते मला मॅडमच्या ड्रायव्हरकडून नंतर कळलं. "गलती मेरी है जी. भट्टी मैंने लगाई थी." सगळ्या माळा परत घेऊन कापडी पिशवीत भरून आलीस, पिशवी टेबलावर ठेवलीस आणि पाणी प्यालीस. मी विचारलं, काय झालं असेल ताई? तू म्हणालीस, "माहे डोळे. भट्टीचा आकडा मी चुकीचा वाचला असन. थंडी लवकर झाली काच." आणि वर माझी समजूत काढलीस की मॅडम चांगली आहे, पुन्हा काम देईल.

दुसऱ्या दिवशी तू भाऊजींबरोबर बँकेत गेली होतीस. मी टॉर्च पेटवली. ती नवी पांढरी आणि आपली जुनी निळी शेजारी वितळवली आणि तार ओढली. थंड होता होता ती वाकली, अगदी कापलेल्या नखासारखी. मी ती तोडून कचऱ्यात टाकली. उरलेला जुडगा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कबाडीवाल्या भैयाला दिला. तू परत आलीस तेव्हा मी भांडी घासत होते. तू विचारलंस, टॉर्च कशाले लावली होती, वास येऊन राहिला. मी म्हटलं, सवय ठेवतेय हाताची.

त्यानंतर तू एकही गोळा लावला नाहीस. भट्टीला हात लावला नाहीस. "आता तू लाव. माहा भरवसा नाही." स्टुलावर मी बसले आणि दुसरं टोक धरून मागं मागं तू चालायला लागलीस, साठी ओलांडलेली बाई, फाटकाच्या उंबऱ्याला पाय लागू नये म्हणून एका हातानं भिंत चाचपत. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा आनंद झाला होता. मला स्टूल मिळालं होतं. मी पान केलं, मोराचं पीस केलं. लोकांनी वाखाणलं, आणि तू सगळ्यांना सांगायचीस की सुमनचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. मी गप्प बसून ऐकायचे. मला वाटायचं, आत्ता सांगितलं तर सगळं जाईल. स्टूल जाईल, तू जाशील. नंतर वाटायला लागलं, आता इतक्या दिवसांनी कसं सांगू. लबाडी शिळी झाली की ती जास्त वास मारते, हे मला चांगलं कळत होतं, पण मी झाकण उघडलं नाही.

तू डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन आलीस. त्यानं सांगितलं, नंबर तोच आहे, मोतीबिंदू नाही, काही नाही. मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, बघ, मी सांगत नव्हते? तू म्हणालीस, त्याले काय माहीत भट्टीचे आकडे किती बारीक असतात.

आणि गेल्या वर्षी शीतलामातेचा मेळा. आदल्या रात्रीचं थंड जेवायचा दिवस, गल्लीत कुणाच्याच घरी चूल पेटत नाही. समोरच्या भाभी हात जोडून सांगायला आल्या की आज तुमची ती आगही पेटवू नका. तू म्हणालीस, मी काही देवीबिवी मानत नाही, पण हाताले एक दिवस सुट्टी मिळते तर कोन सोडन. मग आपण दोघी चाकसूला निघालो, तू म्हणे नुसती जत्रा बघायला. टोंक रोडला बसची वाट बघत उभ्या होतो. लांबून तीन बस येत होत्या, मला नुसती धूळ दिसत होती. तू म्हणालीस, "दुसरी आपली. चाकसू लिहून आहे." दुसरीच आपली होती. मी चढता चढता म्हटलं, ताई, तुझे डोळे माझ्याहून बरे आहेत की. तू म्हणालीस, "ते मोठे अक्षरं, बाई." बसमध्ये आपल्याला जागा मिळाली, तू खिडकीशी, मी शेजारी. तासभर वेळ होता, टॉर्च नाही, ऑर्डर नाही, घरात कुणी वाट बघत नाही. मी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा काहीतरी भलतंच बोलले. एकदा तर मी बाजरीच्या भावाबद्दल बोलले.

परतताना तू थंड पुऱ्या काढून मला दिल्यास आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीस. तुझ्या केसांना तिळाच्या तेलाचा वास होता. इतक्या विश्वासानं कुणी माझ्या खांद्यावर झोपलं नव्हतं, माझी पोरसुद्धा नाही. त्याबद्दल मला तुझे उपकार मानायचे होते, तेही राहिले. तू नसतीस तर मी या गावात सात वर्षं नुसती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघत बसले असते. मला काम तू दिलंस, हिंदीत भांडायचं धाडस तू दिलंस. माझी पोर दहावीत नापास झाली तेव्हा आमच्या घरात सगळे ओरडत होते आणि तू तिला बोलावून मणी निवडायला बसवलंस, परीक्षेचा एक शब्द न काढता. ती अजून म्हणते, "मौसी मतलब मौसी." तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

तुझ्या जलदान विधीला मी मागं बसले होते. मला त्यातलं काही माहीत नव्हतं, शेजारच्या बाई जसं हात जोडत होत्या तसं जोडत होते. सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. भाऊजींनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं, मी मानेनंच नाही म्हटलं. त्यांना वाटलं, दुःखानं मला बोलवत नाही.

तेव्हापासून रोज डबा घेऊन जाते. तुझा मुलगा पुण्याला परत गेला, भाऊजी एकटेच आहेत. ते डबा उघडून बघतात, ठेवून देतात आणि मला बसायला सांगतात. काल त्यांनी तुझी हत्यारं एका जुन्या टॉवेलवर मांडून ठेवली होती. चकत्या कापायची पक्कड, चिमटे, दगडी पाटी. म्हणाले, "हे तू घेऊन जाय. तिचे डोळे गेले नसते तर अजून दहा वर्षं केलं असतं तिनं."

मी उभी होते, खाली बसले. आणि सांगितलं. तार, जुडगा, कबाडीवाला, सगळं. मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा बाजरीच्या भावावर गेले असते. सांगून झाल्यावर मला वाटलं होतं हलकं वाटेल. नाही वाटलं. मला वाटलं होतं भाऊजी ओरडतील, निघून जा म्हणतील, आणि मी ते ऐकून घेणार होते, मला तेच हवं होतं.

ते ओरडले नाहीत. पक्कड उचलली, उघडली, मिटली, परत टॉवेलवर ठेवली.

"रोज सकाळी सुईत दोरा ओवून पाहे ती," ते म्हणाले. "त्या खिडकीपाशी उभी राहून. दोन वर्षं. मी चहा घेऊन येओ, तर हातात सुई. पहिल्या झटक्यात जाये दोरा."

मी दगडी पाटी जवळ ओढली.

"मी म्हणो, दिसते तर तुले, मग डोळे कशाचे गेले? तर म्हणे, तेच तर समजून नाही राहिलं. डोळे ठीक आहेत तर मग चुकलं काय? मी म्हटलं, सुमनले विचार, ती तर होती तिथं."

ते टॉवेलाची कड सरळ करत होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तर म्हणे, नको. तिले वाटन, मी तिच्यावर ढकलून राहिली."